कागदाखालची गायिका

अडतीस वर्षं रुग्णालयाच्या वॉर्डात काढलेल्या बाईची बोटं निवृत्त होत नाहीत. कुणी हात मिळवायला पुढे आलं, की सिस्टरची दोन बोटं आपोआप त्याच्या मनगटावर जायची. समोरचा म्हणायचा, "सिस्टर, मी बरा आहे हो." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, "ते मी ठरवते."

सगळे तिला सिस्टरच म्हणत. तिचा थोरला भाऊसुद्धा चारचौघांत सिस्टर म्हणायचा आणि वर सांगायचा, की या अख्ख्या सभागृहात असं म्हणायचा खरा हक्क माझा एकट्याचा आहे.

सभागृह कसलं, लाकडाच्या वखारीवरचा लांबट मजला तो. लोखंडी जिना चढून वर गेलं की ओल्या भुशाचा वास मागे राहायचा आणि टाल्कम पावडरीचा सुरू व्हायचा. नाचताना बूट सहज सरकावेत म्हणून फळ्यांच्या जमिनीवर ती भुरभुरत. महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी तीन ते सहा, तिथे जुन्या सोल गाण्यांच्या तबकड्या वाजत. चौतीस वर्षं हे असंच चाललं होतं. सोल म्हणजे काळजाच्या तळातून गायलेलं, पण पायांना स्वस्थ बसू न देणारं गाणं. त्यातही या मंडळींना लागायची ती दुर्मिळ गाणी. आणि गाणं दुर्मिळ कशानं होतं? न खपल्यानं. कुणीतरी एखाद्या आडगल्लीतल्या स्टुडिओत जीव ओतून गायचं, दोन-तीनशे तबकड्या निघायच्या, गिऱ्हाईक फिरकायचं नाही, आणि माल रद्दीत जायचा. पुढे कित्येक वर्षांनी त्यातली एखादी हाती लागली, की या लोकांना घबाड सापडल्यासारखं व्हायचं.

"जगाला जे नको झालं तेच आम्ही डोक्यावर घेतो," दादा म्हणायचा. तोच या मेळाव्याचा कर्ताधर्ता. त्याचं लग्न राहून गेलं ते गेलंच. घरात दोन खोल्या, एकीत तबकड्या आणि दुसरीत तो. पुढे सिस्टरचा नवरा वारला आणि ती तिथे राहायला आली, तेव्हा दादाने तबकड्यांना थोडं सरकून घ्यायला सांगितलं.

दादाला जाऊन आठ महिने झाले होते, आणि मेळाव्याची प्रकृती काही ठीक नव्हती.

हे सिस्टरइतकं कुणाला कळणार? दाराजवळच्या टेबलाशी चहाचा थर्मास आणि एक वही घेऊन ती बसायची. वॉर्डात पलंगाच्या पायथ्याशी तापाचा तक्ता टांगलेला असतो, तसा तिने वहीत मेळाव्याचा तक्ता काढला होता. किती माणसं आली, किती नाचली, किती नुसतीच भिंतीला टेकली. एकेकाळी जमीन दिसत नसे. आता पावडर दिसायची. या खेपेला एकोणीस जण आले होते, त्यांत बदललेले गुडघे सात.

"रोगी दगावत नाही," ती भिंगरीला म्हणाली, "पण अंथरूणही सोडत नाही."

भिंगरी म्हणजे टपाल वाटणारी बाई. साठी उलटली तरी एका पायावर अशा गिरक्या घ्यायची, की बघणाऱ्याला घेरी यावी. ती कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, "अगं, तिसरा मजला वाजली नाही तर दुसरं काय होणार? लोक तिच्यासाठी यायचे."

तिसरा मजला हे एका तबकडीचं नाव होतं. खरं नव्हे, पाडलेलं.

या मंडळींत एक जुनी रीत होती. हाती फार दुर्मिळ तबकडी लागली, आणि ती कुणाची हे दुसऱ्याला कळू नये असं वाटलं, तर मालक तिच्या मधल्या छापील लेबलावर कोरा कागद चिकटवायचा आणि त्यावर मनाला येईल ते नाव लिहायचा. गाणं सगळ्यांनी ऐकावं, नाचावं, पण गायलं कुणी ते विचारू नये. दुसऱ्याने शोधून काढलं तर त्याची हुशारी. पण ज्याने चिकटवलं त्यानेच सोलायचं, हा नियम होता. चोर असोत की साव, तो सगळे पाळत.

दादाने एकच तबकडी अशी झाकली होती. कागदावर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'तिसऱ्या मजल्यावरची'. लोक नुसतं तिसरा मजला म्हणत. दर मेळाव्याचं शेवटचं गाणं तेच. एक बाई गायची. आवाज खालून सुरू व्हायचा आणि जिना चढत जावा तसा वर जायचा. मागे दुसऱ्या बाईचा आवाज तिला हात दिल्यासारखा. दादाने कागद लेबलापेक्षा मोठा कापला होता, कारण लेबलाभोवतीच्या गुळगुळीत कड्यात कारखान्याने ओरखडलेले आकडे असतात आणि जाणकार माणूस तेवढ्यावरून तबकडीची कुंडली मांडतो. कागद आड येई, म्हणून गाणं संपता संपता दादा स्वतः वाकून सुई उचलायचा. चौतीस वर्षांत ती तबकडी त्याने कुणाच्या हाती दिली नाही.

लिफ्ट दुरुस्त करणारा एकजण होता. त्याने एकदा खिशातल्या खिशात फोन चालू ठेवून ते गाणं ओळखता येतं का पाहिलं होतं. फोननेही हात टेकले. "मी आयुष्यभर लोकांना तिसऱ्या मजल्यावर नेलं," तो म्हणायचा, "पण ही बाई कधी भेटली नाही."

आता ती तबकडी सिस्टरची होती. दादाच्या जागी गाणी लावायला मास्तर बसत, जे पूर्वीही मधूनमधून आपल्या तबकड्या लावायचे. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, बोलताना अजून फळ्याकडे वळल्यासारखे वळणारे. त्यांनी आठ महिन्यांत तिला तीनदा विचारलं होतं, तिसरा मजला आणता का. तिने आणली नव्हती. कारण तिच्या मनात वेगळंच घोळत होतं.

शेवटच्या दिवसांत दादा घरीच होता. एका सकाळी तिने त्याच्या ओठांशी पाण्याचा चमचा नेला, तेव्हा तो म्हणाला, "ती बाई अजून असेल, तर तिला..." कुठली बाई हे तिला लगेच कळलं. पण हातात चमचा होता, पाणी सांडत होतं, आणि नर्सच्या सवयीने ती म्हणाली, "आधी पाणी घे, मग बोल." त्याने पाणी घेतलं आणि डोळे मिटले. बोलायचं राहिलं. तिला काय? तिला सांग? तिला विचार? तिला शोध? सिस्टरच्या डोक्यात हा भुंगा आठ महिने घोंगावत होता. आणि मुळात कोण होती ती?

त्या रविवारी चहाच्या वेळी तिने मास्तरांना सांगून टाकलं, "मी कागद काढणार आहे."

मास्तरांनी कप बशीत ठेवला. "सिस्टर, विचार करा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकणारा गेला, मास्तर. आता मूठ माझ्या हातात आहे आणि तिला खाज सुटलीय."

"नाव कळलं की दहा जण तीच तबकडी शोधतील. कुणाला तरी मिळेल. मग ती घरोघरी वाजेल. इथे यायचं कशाला?"

"तसेही कुठे येतायत?" लिफ्टवाला म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो. तुमचा फोन मी विसरलेलो नाही," मास्तर त्याला म्हणाले.

"माझं म्हणणं एवढंच," ते सिस्टरकडे वळले, "या मेळाव्यात एकच माणूस असा होता ज्याला सगळं ठाऊक असायचं. त्याने ते झाकलं, म्हणजे त्यात काहीतरी होतं. त्याची आठवण म्हणून तरी राहू द्या."

सिस्टरने त्यांच्या कपात चहा ओतला. पण तिच्या मनाने केव्हाच घेतलं होतं. गाणारी बाई जिवंत असली तर आज पाऊणशेच्या घरात असेल. त्या वयात माणसाचे दिवस कसे मोजायचे, हे सिस्टरला कुणी शिकवायला नको होतं. तिथे वर्षांचा हिशेब चालत नाही, हिवाळ्यांचा चालतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वयंपाकघरातलं टेबल पुसून घेतलं, त्यावर धुतलेला टॉवेल अंथरला आणि तबकडी ठेवली. कोमट पाणी, गॉझची जाळीदार पट्टी, चपट्या तोंडाचा चिमटा. म्हाताऱ्या माणसाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते. तिच्यावर चिकटलेली पट्टी ओढायची नसते, तिला सुटायला वेळ द्यायचा असतो. हे तिने शिकाऊ मुलींच्या तीन पिढ्यांना सांगितलं होतं. तिने ओलं गॉझ कागदावर ठेवलं, खुर्चीत बसली आणि थांबली. दहा मिनिटांनी कड किंचित उचलली. पुन्हा गॉझ. पुन्हा थांबणं. निळी शाई विरघळून पसरली आणि 'तिसऱ्या मजल्यावरची' ही अक्षरं टॉवेलात उतरली. तिला जरा चुटपुट लागली. पण हात थांबले नाहीत.

पाऊण तासाने कागद अखंड सुटून आला.

खाली पांढरं लेबल होतं. कोरं. ना गायिकेचं नाव, ना गाण्याचं, ना कंपनीचं. फक्त मध्यभागी पेन्सिलीने काढलेलं एक प्रश्नचिन्ह. खाली टिंब नसलेलं, नुसतं वरचं वळण. बिनटिंबाचं ते प्रश्नचिन्ह ती लहानपणापासून ओळखत होती. वाणसामानाच्या यादीतसुद्धा दादा तसंच काढायचा.

तिने तबकडी उलटली. दुसऱ्या बाजूला गाणंच नव्हतं. नुसतं काळं गुळगुळीत. म्हणजे ही बाजारात आलेली तबकडीच नव्हे. छपाईआधी कारखाना नमुन्याला दोन-चार काढतो, त्यातली ती.

"दादा," ती मोठ्याने म्हणाली, "तुलाही माहीत नव्हतं होय रे."

आणि तिला हसू फुटलं. चौतीस वर्षं अख्खा मेळावा ज्या गुपितावर नाचला, ते गुपित हे, की गुपित नाहीच. आपल्याला ठाऊक नाही हे कुणाला कळू नये म्हणून त्याने कागद लावला असणार. एक रविवार निभावून न्यावा म्हणून. मग दुसरा रविवार आला, तिसरा आला, लोक त्याच्याकडे आदराने बघू लागले, आणि कागद काढणं दर महिन्याला थोडं थोडं अवघड होत गेलं. तिला ते सगळं डोळ्यांपुढे दिसलं. वॉर्डात असे रोगी असत. दुखणं लपवायचे, आणि मग लपवण्याचंच दुखणं व्हायचं.

तिने तबकडी वाळवली आणि यंत्रावर लावली. या वेळी सुई उचलली नाही. गाणं चढत चढत वर गेलं, शेवटचा सूर लांबला, विरला. दादाचा हात जिथे पुढे यायचा ती जागा गेली. खरखर झाली. आणि मग अगदी जवळून, न गाता, त्याच बाईचा साधा बोलण्यातला आवाज आला.

"झालं का, वहिनी?"

बस. एवढंच. सिस्टरने सुई मागे नेली, पुन्हा ऐकलं. सहा वेळा ऐकलं. दमलेला, जरासा रुसलेला आवाज. घरातल्या माणसाशी बोलावं तसा. म्हणजे मागे जी साथ देत होती, ती हिच्या भावाची बायको.

चहा टाकता टाकता मात्र तिचं हसू ओसरलं. हे चारचौघांत सांगायचं, म्हणजे दादाची झाकली मूठ सगळ्यांसमोर उघडायची. ज्याला सगळं ठाऊक असायचं, त्याला आपल्या सगळ्यात लाडक्या गाण्याबद्दल काडीचं ठाऊक नव्हतं. मेलेल्या माणसाची इभ्रत अशी चव्हाट्यावर आणायची का? टेबलाच्या खणात कोरा कागद होता, गोंद होता. तिने कात्रीने एक गोल कापलासुद्धा. दादाच्यासारखं अक्षर तिला काढता येत होतं. शाळेत त्याची शिक्षा ती लिहून द्यायची.

गोल हातात घेऊन ती बराच वेळ बसली. चौतीस वर्षं कुणी त्या बाईला शोधलं नव्हतं. का? तर सगळ्यांना वाटायचं, दादाला माहीत आहे. आणि दादाला शोधता आलं नाही, कारण कुणाला विचारायचं तर आधी माहीत नाही म्हणावं लागलं असतं. आता तिनेही कागद लावला तर तो प्रश्न तिच्याबरोबर जाईल. आणि ती बाई कुठेतरी बसलेली असेल, नसेल. "तिला..." एवढंच बोलून गेलेल्या माणसाची इभ्रत मोठी, की त्याचं अर्धं राहिलेलं वाक्य?

तिने कागदाचा गोल चहाच्या कपाखाली ठेवला. त्यावर कपाचा डाग पडला, आणि तो कामातून गेला. बरं झालं.

पुढच्या पहिल्या रविवारी शेवटच्या गाण्याच्या वेळी ती थर्मास सोडून उठली, मास्तरांच्या शेजारी गेली आणि तबकडी दिव्याखाली धरली. बावीस माणसं होती. जे भिंतीला टेकले होते तेही पुढे आले.

"कागदाखाली काही नव्हतं," ती म्हणाली. "हे बघा. हे प्रश्नचिन्ह दादाचं. त्याला ठाऊक नव्हतं. तो तुमच्याशी चौतीस वर्षं खोटं बोलला, आणि मला वाटतं, त्याला ते खरं करायचं होतं. आता ऐका."

तिने गाणं लावलं. कुणी नाचलं नाही. "झालं का, वहिनी?" ऐकू आलं. मग लिफ्टवाला हसू लागला. आधी नाकातल्या नाकात, मग पोट धरून. "म्हातारा बिलंदर निघाला," तो डोळे पुसत म्हणाला. "आणि मी समजत होतो, मीच एकटा अडाणी."

दोघेजण मात्र कोट उचलून जिना उतरून गेले. त्यांतला एक जाताना म्हणाला, की आपली फसवणूक झाली. ते पुन्हा आले नाहीत, आणि सिस्टरने वहीत त्यांच्या नावापुढे रेघ मारली.

बाकीचे हात पुढे करू लागले. तबकडी पहिल्यांदाच हातोहात फिरली, तळव्यांनी कडा धरून. लिफ्टवाल्याने पिशवीतून बॅटरी आणि लांब दांडीचा आरसा काढला. लिफ्टच्या फटीत पडलेल्या वस्तू बघायला तो वापरायचा.

"आकडा आहे," तो म्हणाला. "चार, एक, सात. आणि पुढे काहीतरी खरवडलंय. मासा? नाही. छत्री. मिटलेली छत्री आहे."

"छत्री?" भिंगरीने डोकं घातलं. "आण इकडे. हो गं बाई, छत्रीच की. मूठसुद्धा आहे."

सगळे एकदम बोलायला लागले. कुणी म्हणालं कारखान्याची खूण, कुणी म्हणालं कारागिराची. सिस्टरने पाहिलं, मास्तर तेवढे गप्प होते. ते खिडकीकडे वळले, मग परत वळले, घसा साफ केला.

"छत्रीची खूण असलेला एकच स्टुडिओ," ते म्हणाले. "पुलापलीकडच्या गावात, गिरणीमागची गल्ली, सात नंबर. वरचा मजला."

"हे तुम्हाला कुठून ठाऊक?" सिस्टरने विचारलं.

मास्तरांचे कान लाल झाले. "तिथे काढलेली एक तबकडी माझ्याकडे आहे. लेबलावर पत्ता छापलाय."

"कुठली? तुम्ही कधी वाजवली नाहीत."

"वाजवतो. गेली अकरा वर्षं." त्यांनी खोक्यातून एक तबकडी काढून टेबलावर ठेवली. तिच्या लेबलावर पांढरा कागद होता आणि मास्तरांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'दुपारची पाळी'.

लिफ्टवाला तिच्याकडे बघतच राहिला. "मास्तर. अकरा वर्षं मी हिच्या मागे आहे. दोन शहरं पालथी घातली."

"मला माहीत आहे."

"एकदा तुम्हीच माझ्याबरोबर आला होतात शोधायला."

"डबा छान होता तुमचा," मास्तर म्हणाले, आणि सभागृहात असा हशा उसळला की खालून वखारवाल्याने काठीने छत ठोकलं. हसणं ओसरल्यावर मास्तरांनी ती तबकडी सिस्टरकडे सरकवली. "तुमच्या हाताने काढा. मला जमायचं नाही, मी फाडीन."

त्या पत्त्यावरचं पत्र चौघांनी मिळून लिहिलं, चहाच्या टेबलाशी. मास्तर शुद्धलेखन बघत होते, लिफ्टवाला मध्ये मध्ये विनोद घुसवत होता आणि सिस्टर ते खोडत होती. अमुक एक गाणं, दोन बायका, नणंद आणि भावजय असाव्यात, ओळखत असाल तर कळवा. खाली सिस्टरचा फोन. भिंगरीने पाकीट घेतलं. ती म्हणाली, आजवर लोकांची पत्रं वाटली, हे एक आपलं म्हणून टाकते.

सात नंबरच्या वरच्या मजल्यावर आता धुलाईचं दुकान होतं. दुकानवालीने दोन ओळींचं उत्तर धाडलं, की मला काही ठाऊक नाही, पण तुमचं पत्र मी कपडे घ्यायला येणाऱ्यांसाठी भिंतीवरच्या फळीवर टाचून ठेवलंय. मग काहीच नाही. एक रविवार गेला. त्याला एकतीस जण आले, कारण बातमी पसरली होती आणि प्रत्येकाकडे आपापला तर्क होता. कुणी शाळेतल्या गाण्याच्या बाईंचं नाव घेऊन आलं, कुणी जुना फोटो. एकही खरा नव्हता. पण चहा दोनदा करावा लागला, आणि निघताना लोक जिन्यावरसुद्धा वाद घालत होते. सिस्टरने वहीत आकडा लिहिला आणि पुढे लिहिलं, 'ताप उतरला. भूक लागली आहे.'

सहाव्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमाराला फोन वाजला. सिस्टर भांडी घासत होती. ओल्या हातानेच तिने उचलला.

"ते पत्र तुमचं का? धुलाईच्या दुकानातलं?" म्हाताऱ्या बाईचा, तरतरीत आवाज. "माझी सून पडदे टाकायला गेली होती, तिने वाचलं. नणंद-भावजय लिहिलंय ना, म्हणून म्हटलं विचारावं. आम्ही गायलो होतो तिथे. एकदाच. त्रेपन्न वर्षं झाली."

सिस्टर खाली बसली. "शेवटी कुणीतरी विचारतं, झालं का, वहिनी?"

"ते राहिलंय त्यात?" बाई म्हणाली. "अहो, मलाच विचारत होती ती. शेवटचा सूर जरा उतरला होता तिचा. तिला परत गायचं होतं. पण आमची वेळ संपली, दुसरे लोक दारात उभे. तो स्टुडिओवाला म्हणाला कळवतो. त्याने काही कळवलं नाही. तबकडी निघाली हेच आम्हाला ठाऊक नाही."

"निघाली नाही," सिस्टर म्हणाली. "एकच नमुना उरला. तो माझ्या भावाच्या हाती लागला." आणि मग तिने सगळं सांगितलं. वखारीवरचा मजला, पावडर, शेवटचं गाणं. चौतीस वर्षं, महिन्यातून एकदा. तिने वॉर्डात नातेवाइकांना सांगायची तसं हळू आणि नीट सांगितलं, म्हणजे परत विचारावं लागू नये.

"नाचायचे?" वहिनी म्हणाली. "त्यावर? अहो, ते रडायचं गाणं आहे."

"हो. रडायचेही. नाचता नाचता."

"थांबा, तिला सांगते. इथेच बसलीय. ऐकू कमी येतं तिला." मग फोन बाजूला धरून ती ओरडली, "अगं, आपलं गाणं वाजतंय म्हणे! लोक नाचतात त्यावर!"

लांबून काहीतरी पुटपुटणं आलं. मग वहिनी पुन्हा बरंच काही ओरडून सांगत राहिली, आणि मध्येच दुसरा आवाज चढला. म्हातारा झालेला, चिरका, पण जिना चढत जावा तसाच खालून वर जाणारा. "काय म्हणतायत ते? झालं का बोलून, वहिनी?"

सिस्टरला नाव विचारायची गरज उरली नव्हती. तिने तोंडावर हात ठेवला. हात साबणाचा होता, त्याचंही तिला भान राहिलं नाही.

"ती विचारतेय," वहिनी म्हणाली, "की तो शेवटचा सूर उतरलेला तसाच ठेवलाय का."

"तसाच आहे. तिला सांगा, आमच्यात एक टपालवाली आहे, ती नेमकी त्याच सुरावर गिरकी घेते. तो बरोबर लागला असता, तर ती भिंतीवर जाऊन आदळली असती."

हा निरोप पलीकडे ओरडून पोचवला गेला. मग हसण्याचा आवाज आला. दोघींचा. मागचा पुढच्याला हात दिल्यासारखा.

"आणि अजून एक," सिस्टर म्हणाली. "माझ्या भावाला तिला काहीतरी सांगायचं होतं. काय ते मला नीट कळलं नाही. तो गेला. पण त्याला सांगायचं होतं, एवढं तिला सांगा."

फोन ठेवायच्या आधी तिने दोघींची नावं विचारली. हिज्जे नीट लिहून घेतले, परत वाचून दाखवले, औषधाच्या चिठ्ठीसारखे. मग हात पुसले, दादाच्या खोलीत गेली आणि तबकडी काढली. पांढऱ्या लेबलावर, प्रश्नचिन्हाच्या खाली, पेन्सिलीने तिने एक नाव लिहिलं. त्याखाली दुसरं. वरचं प्रश्नचिन्ह तिने खोडलं नाही. फक्त दादाने कधी न दिलेलं टिंब त्याच्या खाली देऊन टाकलं.